वाचकांचे प्रश्न: हायपो म्हणजे कमी, मग टीएसएच वाढलेलं कसं?

या वेळी पत्रांमध्ये आजारपणाचे शब्द फार आलेत. मी डॉक्टर नाही, ठाण्यात बरीच वर्षं बायॉलॉजी शिकवलंय एवढंच, त्यामुळे गोळी कुठली घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा, शब्दाचं मला विचारा.

प्रश्न: आईचा थायरॉईडचा रिपोर्ट आला. टीएसएच ९.२, म्हणजे वाढलेलं, समोर वर जाणारा बाण पण छापलाय. आणि डॉक्टर म्हणाले ‘हायपो’ आहे. हायपो म्हणजे कमी ना? मग वाढलंय की कमी झालंय? दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. (वाचक, खारघर)

लाज कसली, चांगली शिकलेली माणसं इथे अडखळतात. दोन्ही बरोबर आहे. हायपो हे थायरॉईडबद्दल, म्हणजे गळ्यातल्या त्या ग्रंथीबद्दल आहे, टीएसएचबद्दल नाही. टीएसएच थायरॉईडमध्ये बनतच नाही, ते बनतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत आणि त्याचं काम म्हणजे थायरॉईडला हाक मारायची, चल, काम कर. थायरॉईड सुस्त पडली की रक्तात तिचं हार्मोन कमी होतं आणि ते बघून पिट्युटरी अजून मोठ्यांदा ओरडते, सकाळच्या शाळेला कार्टं उठत नाही तेव्हा आईचा आवाज चढतो तसं. रिपोर्टवर जो आकडा वाढलेला दिसतो तो आईचा आवाज आहे, झोपलेलं आहे ते कार्टं. साधारण ०.४ ते ४ ही हद्द धरतात, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. हायपरथायरॉईडमध्ये उलटं, पोरगं पहाटेपासूनच घरभर उड्या मारतंय म्हणून आई गप्प, टीएसएच तळाला.

आता शब्दाकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे. ग्रीक ‘हायपर’ म्हणजे वर, जास्त. संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ आहे ‘उपरि’, आणि त्या उपरिचंच झिजून झिजून आपलं मराठी ‘वर’ झालं. ‘हायपो’ म्हणजे खाली, त्याचा भाऊ ‘उप’. उपनगर, उपसंपादक, आणि उपमुख्यमंत्री हा शब्द तर ठाणेकरांना समजवायची गरजच नाही. म्हणून लक्षात ठेवायचंच असेल तर हायपर म्हणजे उपरि आणि हायपो म्हणजे उप, झालं काम.

आणि थायरॉईड हा शब्द कुठून आला माहितीये? ग्रीकमध्ये ‘थायरा’ म्हणजे दार. अगदी तेच, संस्कृत द्वार, मराठी दार, सगळी एकाच घरातली. त्यावरून दाराएवढ्या लांबट ढालीला ‘थायरिऑस’ म्हणायला लागले, गळ्यातल्या पुढच्या कूर्चेचा (मऊ हाडाचा) आकार ढालीसारखा म्हणून तिला ते नाव पडलं आणि १६५६ मध्ये थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरने तिला लागून असलेल्या ग्रंथीला पण तेच चिकटवलं. ग्रंथी स्वतः दिसते फुलपाखरासारखी. आपण पुस्तकात तिला ‘अवटु’ म्हणतो, तो शब्द मी वर्गाबाहेर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

पण हायपो आणि हायपर कानाला सारखेच लागतात हा खरा वैताग आहे. माझ्या सासूबाईंच्या वेळची गोष्ट, लॅबमधून फोन आला की ‘हायपोनॅट्रिमिया’ दिसतोय, आमच्या ह्यांनी रिक्षात बसून ऐकलं, घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू, त्यांना ऐकू आलं हायपर. सोडियम जास्त झालंय असं समजून आम्ही दोन दिवस म्हातारीला अळणी वरणभात घातला, आणि कागद हातात आला तेव्हा सोडियम १२६. असायला हवं १३५ ते १४५. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सासूबाई एवढंच म्हणाल्या की मला वाटलंच होतं, वरणाला चव नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, फोनवर शब्द ऐकायचा नाही, आकडा विचारायचा आणि व्हॉट्सॲपवर फोटो मागवायचा.

प्रश्न: दहावीपर्यंत मराठी मिडियम, आता नीटचा क्लास इंग्लिशमध्ये. सरांनी प्रीफिक्सची चार पानी लिस्ट दिली आहे, पाठच होत नाही. (विद्यार्थिनी, कळवा)

अगं, ती लिस्ट बाजूला ठेव आधी. तुझ्याकडे निम्मा माल घरचाच आहे, तुला कोणी सांगितलं नाही एवढंच. शाळेच्या पुस्तकात संधिपाद प्राणी शिकलीस ना? झुरळ, खेकडा वगैरे. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा, ‘पोडा’ मधला पाय म्हणजे आपलाच पाद. आर्थ्रोपोडाचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी आहे ते. मग आर्थ्रायटिस वेगळा पाठ करायचा का? कंटकचर्मी म्हणजे एकायनोडर्माटा, त्यातलं ‘डर्मा’ कातडीचं, तेच डर्मेटॉलॉजिस्टमध्ये. तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मायटॉस दोरा आणि कॉन्ड्रिऑन कण. ज्यांनी हे मराठी शब्द पाडले त्यांना लोक नावं ठेवतात, पण ग्रीक फोडून दाखवायचं काम त्यांनी आधीच करून ठेवलंय.

नकाराचं तर नियमासकट सारखं आहे. आपण अज्ञान म्हणतो पण अनादर म्हणतो, पुढे स्वर आला की अ चा अन् होतो. ग्रीकमध्ये पण डिट्टो, असेप्टिकला नुसता अ आणि अनीमियाला अन्. तिथला ‘हाइमा’ म्हणजे रक्त, त्याचा ह इतका हलका की धरलाच जात नाही. ‘डिस’ म्हणजे आपला दुस्, दुर्. डिस्पेप्सिया घे, पेप्सिस म्हणजे पचन, आणि पच् आणि पेप् हे सुद्धा एकाच मुळातले, म्हणजे अख्खा शब्द दुष्पचन. (पेप्सी हे नाव पण तिथूनच आलंय, पिऊन ढेकर येतो तो वेगळा विषय.)

मात्र सगळीकडे कानावर विश्वास टाकू नकोस. अँटिबायोटिकमधला अँटि ग्रीक, विरुद्ध अर्थाचा. अँटिनेटल मधला लॅटिन, त्याचा अर्थ आधी, म्हणजे बाळंतपणाआधीची तपासणी, बाळाच्या विरुद्ध काही नाही. होमिओपॅथीतला होमिओ म्हणजे सारखा, आपल्या ‘सम’ च्या नात्यातला, पण होमो सेपियन्समधला होमो लॅटिन माणूस. आणि पेडिॲट्रिक्समध्ये पाय शोधू नकोस, तिथे ‘पेड’ म्हणजे मूल. ऑर्थोपेडिकमध्ये पण मूलच आहे! १७४१ मध्ये आन्द्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मुलांची वाकडी हाडं सरळ करण्यावरच्या पुस्तकासाठी तो शब्द बनवला, ऑर्थो म्हणजे सरळ. आज त्या बोर्डाखाली सत्तरीतले गुडघे धरून बसलेले असतात.

प्रश्न: मिसेस मला हायपोकॉन्ड्रियाक म्हणते. हा काय रोग आहे? (वाचक, वाशी)

आपल्याला काहीतरी रोग झालाय अशी सतत काळजी करत बसणाऱ्याला हायपोकॉन्ड्रियाक म्हणतात, म्हणजे हा प्रश्न विचारलात तिथेच मिसेस जिंकल्या. हायपो म्हणजे खाली आणि कॉन्ड्रॉस म्हणजे कूर्चा, बरगड्यांच्या कूर्चेखालचा पोटाचा भाग. उगाच येणारी उदासी आणि काळज्या तिथल्या लिव्हर-प्लीहेतून उठतात असं जुने वैद्य धरायचे. पुढे जागा विसरली गेली, काळजी तेवढी उरली.

प्रश्न: ऐरोलीच्या खाडीला फ्लेमिंगो बघायला गेलो, मुलीने शास्त्रीय नावाचा अर्थ विचारला, मी विषय बदलला. (वाचक, घणसोली)

मोठ्या फ्लेमिंगोचं नाव फिनिकॉप्टेरस. ‘फिनिक्स’ म्हणजे किरमिजी लाल, ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. संस्कृतात ‘पत्र’ चा एक अर्थ पंखच आहे, पत् म्हणजे उडणे त्यावरून. हेलिकॉप्टरची फोड आपण हेलि आणि कॉप्टर अशी करतो ती चुकीची, हेलिको म्हणजे पिळाचं आणि प्टर म्हणजे पंख. मुलीला हे सांगा, खूश होईल. उभे असताना पक्षी फिकट गुलाबी दिसतात, उडाले की पंखाचा लाल-काळा भाग उघडतो, तेव्हा नाव पटतं.

आणि परत गेलात तर तिवरांच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं दाखवा, ती न्युमॅटोफोर. न्युमा म्हणजे श्वास, हवा. फोर म्हणजे वाहणारा, आपल्या भार शब्दाच्या नात्यातला. खालच्या चिखलात ऑक्सिजन नसतो म्हणून झाड नाक वर काढून बसतं. तिवराचं शास्त्रीय नाव मात्र अविसेनिया, आपल्याकडे हकीम ज्याला इब्न सिना म्हणतात आणि युरोपात अविसेना, त्या वैद्याच्या नावावरून. ओहोटीची वेळ बघून जा आणि चिखलात उतरू नका, माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.