बेलुगा, ओसेत्रा आणि आपला चौरस

एका वाचकाचा प्रश्न आलाय: "बेलुगा म्हणजे पांढरा देवमासा ना? मग बेलुगा कॅव्हिआर म्हणजे देवमाशाची गाबोळी का? ती स्टर्जनची असते असं कुणी म्हणालं, तर स्टर्जनला मराठीत काय म्हणायचं? कास्थिमत्स्य चालेल?"

देवमासा पिलं घालतो, पाजतो. त्याला गाबोळी कुठून येणार? तरी ही चूक पाककृतींच्या व्हिडिओंत आणि रविवारच्या पुरवण्यांत मला सतत भेटते. रशियनमध्ये असा गोंधळ होत नाही. तिथे मासा तो बेलुगा आणि देवमासा तो बेलुखा. दोन्ही नावं 'बेली', म्हणजे पांढरा, यावरून आली. इंग्रजीनं दोघांना एकच नाव देऊन टाकलं आणि आपण ते तिथूनच उचललं. बेलुगा हा स्टर्जनांतला सगळ्यात मोठा मासा. तो कॅस्पियन आणि काळ्या समुद्रातला, हजार किलोंच्याही वर गेलेला. बेलुगा कॅव्हिआर म्हणजे याचीच गाबोळी. हा मुद्दा इथेच संपला.

खरी गंमत बेलुगात नाहीच, ती कॅव्हिआरच्या शेजारच्या डब्यावरच्या 'ओसेत्रा'त आहे. रशियनमध्ये स्टर्जनला 'असेत्र' म्हणतात, त्याचंच हे रूप. हा शब्द 'टोकदार, धारदार' या अर्थाच्या एका प्राचीन धातूपासून, म्हणजे शब्दाच्या मुळापासून, आला असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. याच धातूपासून लॅटिन 'आकुस' म्हणजे सुई, ग्रीक 'आक्रोस' म्हणजे टोकाचा, रशियन 'ओस्त्री' म्हणजे तीक्ष्ण आणि संस्कृत 'अश्रि' म्हणजे धार, कडा, कोपरा हे शब्द आले, याबद्दल वाद नाही. अश्रि मराठीत कुठे आहे? ज्याला चार अश्रि तो चतुरस्र, आणि चतुरस्राचा प्राकृतातून झाला चौरस. तालाच्या तिश्र जातीतला 'श्र'ही तोच, तीन कोनांच्या त्र्यश्रातला. म्हणजे घराचं क्षेत्रफळ चौरस फुटांत सांगणारा माणूस नकळत व्होल्गेतल्या माशाच्या नावाचा भाऊबंद उच्चारत असतो!

लॅटिन नाव 'आकिपेन्सेर' त्याच कुळातलं असावं, असं माझं मत. त्यातला 'आकि' मला सुईचाच वाटतो. सेव्र्युगा या तिसऱ्या स्टर्जनचं नाव तातारीतल्या 'टोकदार' अशा अर्थाच्या शब्दावरून आल्याचं रशियन कोश सांगतात. लिथुआनियनमध्ये स्टर्जन म्हणजे 'एर्श्केतास' आणि काटेरी झुडूप म्हणजे 'एर्श्केतिस'. एवढ्या भाषांनी या माशात टोक आणि काटा पाहिला, तो उगीच नाही. त्याच्या अंगावर नेहमीसारखे खवले नसतात. हाडांच्या ढालींच्या पाच रांगा असतात: पाठीवर एक, दोन्ही कुशींना एकेक, पोटाकडे दोन. लहानपणी या ढालींची टोकं चांगलीच बोचरी असतात. आडवा छेद घेतला तर मासा पंचकोनी दिसतो. पंचास्रच म्हणा ना!

उलट इंग्रजी 'स्टर्जन'ची व्युत्पत्ती 'स्टर'पासून, म्हणजे ढवळण्यापासून, लावणारे कोश आहेत: मासा तळाचा गाळ ढवळतो म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. जर्मन 'श्ट्योर', जुनं इंग्रजी 'स्त्युरिआ', जितकं मागे जावं तितकं ते माशाचंच नाव निघतं. तळ चाचपत चरणारा आपला शिंगाळाही आहेच, मग त्याला का नाही कुणी ढवळ्या म्हटलं? नुसत्या नादाच्या साम्यावर नातं जोडणं हा आळस आहे.

आणि हाच आळस प्राण्यांच्या वर्गीकरणात झाला, म्हणून कास्थिमत्स्य, म्हणजे कूर्चेच्या (कार्टिलेजच्या) सांगाड्याचा मासा, हे नाव चालणार नाही. स्टर्जनचा सांगाडा बहुतेक कूर्चेचा, शेपटीचा वरचा पंखा मुशीसारखा लांब, तोंड खालच्या बाजूला. एवढ्यावरून जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये त्याला मुशी आणि पाकटांच्या पंगतीत बसवलं, तेही उभयचरांत! अमेरिकेतला पॅडलफिश हा स्टर्जनचा सगळ्यात जवळचा नातलग. त्याला 1792 मध्ये वाल्बाउमनं चक्क मुशीच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं. पण स्टर्जनचे पूर्वज हाडांचेच होते. सांगाड्यातलं हाड पुढे कमी होत गेलं, डोक्यावर आणि ढालींत ते अजून आहे. म्हणजे तो आपल्या रोहू-बांगड्यासारखाच अरपंखी (परांत आऱ्यांसारख्या काड्या असलेला) अस्थिमत्स्य. फक्त त्याची फांदी 30 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळी झाली. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलरनं 1840च्या दशकात दिलेलं गटाचं नाव बघा, 'कोन्द्रोस्तेई'. 'कोन्द्रोस' म्हणजे कूर्चा आणि 'ओस्तेओन' म्हणजे हाड, आपल्या 'अस्थी'चा सख्खा भाऊ. नावातच हाड आहे, आणि भाषांतर करणारे नेमकं तेच गाळतात.

स्टर्जनांच्या घरातल्या घरातही दिसण्यानं फसवलंय. बेलुगा आणि रशिया-चीन सीमेवरच्या अमूर नदीतला कालुगा, दोघं अवाढव्य, दोघांचं तोंड रुंद, म्हणून दोघांना 'हुसो' या एकाच प्रजातीत ठेवलं. डीएनए पाहिला तर कालुगा अमूर-पॅसिफिककडच्या स्टर्जनांचा निघाला आणि बेलुगा पश्चिमेकडचा. अमेरिकेतल्या मिसिसिपीतले आणि मध्य आशियातल्या अमूदर्यातले फावड्या नाकाचे स्टर्जन जुळे वाटतात, पण अमूदर्याचे निघाले सेव्र्युगाचे नातलग. 'आकिपेन्सेर' ही मोठी प्रजाती तर एका कुळाची नाहीच. युरोपचा स्टुरिओ आणि अटलांटिकचा ऑक्सिरिंकस ही जोडी बाकी साऱ्यांच्या आधी फुटून निघालेली. तरी 'हुसो'ची ही जुनी जोडगोळी तशीच छापणारी पुस्तकं अजून निघतात. हा सरळ निष्काळजीपणा आहे.

मराठी नावाचं म्हणाल तर स्टर्जन फक्त उत्तर गोलार्धात, आणि भारताच्या नद्यांत किंवा समुद्रात नाहीत. कोळ्यांच्या तोंडी त्याला नाव असायचं कारणच नाही. 'स्टर्जन' लिहा, कुणाचं काही बिघडत नाही. मराठीच हवं असेल तर मी 'पाचधारी' सुचवेन. या नावात त्याच्या ढालींच्या पाच रांगा आल्या, आणि 'असेत्र'मधली धारही आली.