जिल्हा कोर्टातली वकिली इंग्लंडच्या लॉ फर्मला कशी सांगायची

तुम्ही विचारलंय : सातारा जिल्हा न्यायालयात साडेतीन वर्षं सीनिअरांकडे ज्युनिअर होतो, सप्टेंबरात एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) इंग्लंडला येतोय, मग इथल्या लॉ फर्मना अर्ज करायचेत. मोठ्या फर्मचं नाव गाठीशी नाही, तर हा अनुभव लिहू की गाळू?

गाळू नका. मुंबईच्या बड्या फर्ममध्ये सहा आठवडे झेरॉक्स काढलेल्या इंटर्नपेक्षा तुमच्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे. फक्त आपण ते ज्या थाटात सांगतो, तो थाट इथे चालत नाही.

मी सोलापूर कोर्टातून आले. पहिल्या अर्जात झोकात लिहिलं होतं, 'पाचशेहून अधिक दिवाणी व फौजदारी प्रकरणं हाताळली.' मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "त्यातलं एक सांगा. तुम्ही स्वतः काय केलंत?" मी आमचे सीनिअर किती नावाजलेले, ऑफिसला कुठून कुठून कामं येतात, हे सांगत सुटले. त्यांनी पुन्हा विचारलं, "बरोबर, पण तुम्ही?" खरं सांगायचं तर पाचशेपैकी निम्म्यांत मी फक्त तारीख मागितली होती. ती नोकरी हातची गेली.

म्हणून दोन-तीनच कामं घ्या नि त्यांत तुमचा हात दाखवा. चेक बाउन्सचंच बघा, कलम 138 च्या फाइली तुमच्याकडे ढिगाने असतील. '138 च्या केसेस पाहिल्या' असं लिहिलंत तर इथल्या माणसाला काही बोध होत नाही, कारण चेक न वटणं हा इंग्लंडमध्ये मुळात गुन्हाच नाही. आधी अर्ध्या वाक्यात ते सांगा. मग काम. बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे भरायला 15 दिवस, तरी भरले नाहीत तर पुढच्या महिनाभरात तक्रार. एक दिवस हुकला की पक्षकार डोक्यावर बसणार. या तारखा कोण सांभाळत होतं? सीनिअर नव्हेत, तुम्हीच, डायरीत लाल पेनने. तेच लिहा, अर्थात इंग्रजीत : 'सुमारे चाळीस तक्रारींच्या कायदेशीर मुदती सांभाळल्या, पक्षकारांशी बोलून नोटिसा व तक्रारींचे मसुदे केले, ते सीनिअर वकिलांनी तपासले.' आकडा तुमचा खरा टाका. 'सीनिअरांनी तपासले' लिहायला आपल्याला कमीपणा वाटतो. इथे नवख्याचं काम कोणी तपासतच नव्हतं म्हटलं, की त्यांना धडकी भरते.

भाषेचं एक. 'प्लेंटिफ' (वादी) हा शब्द इंग्लंडच्या दिवाणी कोर्टांतून 1999 मध्येच गेला, आता 'क्लेमंट' म्हणतात. आपलं 'रिटन स्टेटमेंट', म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, हे त्यांचं 'डिफेन्स'. पुरसीस, रोजनामा, सातबारा हे तसेच टाकू नका, काम काय ते साध्या शब्दांत लिहा. लाख-कोटीही नकोत. 12,00,000 असा स्वल्पविराम दिला तर त्यांना ती टायपिंगची चूक वाटते. रक्कम पौंडात सांगा.

पक्षकारांची नावं देऊ नका. 'एक सहकारी पतसंस्था', 'एक साखर कारखाना' एवढं पुरे. गुप्तता पाळता येते की नाही, हे अर्जातच दिसतं. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित-अविवाहित हे सगळं सीव्हीतून काढा. दोन पानांत बसवा.

फुगवू मात्र नका. पुढे सॉलिसिटर (इथला वकील) म्हणून नोंदणी होताना सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी चारित्र्य तपासते, आणि अर्जातली एक थाप तिथे महागात पडू शकते.

तुमच्याकडे सनद आहे, हे ठळक लिहा. सॉलिसिटर होण्यासाठी 2021 पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे. तिच्यासोबतची दोन वर्षांच्या कामाची अट परदेशात वकील झालेल्यांना लागू नाही. परीक्षा मात्र सहसा द्यावी लागते. कामाची अट नसल्यामुळे ट्रेनिंग काँट्रॅक्टच (फर्ममधली प्रशिक्षणाची जागा) मिळायला हवा असं धरून बसू नका, पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलांच्या मदतनिसाच्या, जागांनाही अर्ज करा. पुष्कळजण तिथूनच आत शिरतात.

आणि निघण्याआधी सीनिअरांकडून पत्र घ्या : कधीपासून कधीपर्यंत होतात, कोणती कामं केलीत. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, नाहीतर 'उद्या देतो' म्हणत विमानाचा दिवस उजाडेल. सुरुवातीला हातात पैसे पडत नव्हते, म्हणून ते महिने वगळू नका. फर्म शहानिशा करायला मेल पाठवते, तेव्हा पत्रावरचा मेल चालू आहे ना, तेही बघा. आमच्या सरांचा पासवर्ड फक्त क्लार्कला ठाऊक होता, आणि माझ्या फर्मचा मेल आला तेव्हा तो दिवाळीला गावी गेला होता.