गिटहबवरची ‘ती’ चर्चा सापडत का नाही?

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या डिस्कशन्स (चर्चा) विभागात शोध घेण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. फिल्टर (शोध नेमका करणारे ‘इज:आन्सर्ड’सारखे शब्द) देवनागरीत छापले असले तरी शोधाच्या चौकटीत ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. कोलनच्या मागेपुढे जागा सोडायची नाही.

प्रश्न : नेक्स्ट.जेएस हे वेबसाइट बनवण्याचं फ्रेमवर्क वापरताना ‘टेक्स्ट कंटेंट डज नॉट मॅच सर्व्हर-रेंडर्ड एचटीएमएल’ ही एरर येते. गिटहबच्या मुख्य शोधात टाकली तर कोड, इश्यू (बग किंवा कामांच्या नोंदी), रिपो (एकेका प्रकल्पाचं कोड-भांडार) असं सगळंच समोर येतं. नेमकी चर्चा कशी गाठायची?

आधी निकालांच्या पानावर डावीकडच्या यादीतून डिस्कशन्स निवडा. मग ‘रिपो:वर्सेल/नेक्स्ट.जेएस’ जोडा. इथे मालकाचं नाव आणि तिरकी रेघ दोन्ही लागतात, नुसतं रिपोचं नाव देऊन भागत नाही. थेट त्या रिपोच्या डिस्कशन्स टॅबमधून शोधलंत तर हा फिल्टर लिहायचीही गरज नाही.

आता एररकडे वळू. टर्मिनलमधून उचललेली ओळ जशीच्या तशी चिकटवली की शोध हमखास फसतो, कारण त्या ओळीत तुमच्या मशीनवरचा फाइलचा पत्ता, ओळक्रमांक किंवा तुमच्या कंपोनंटचं नाव असतं. जगात दुसऱ्या कोणाकडे ती ओळ तशीच असणार नाही. फ्रेमवर्कने छापलेला कायमचा भाग तेवढा ठेवा आणि तो अवतरणचिन्हांत घाला. तरीही निकाल फार आले तर ‘इज:आन्सर्ड’ लावून आधी उत्तर मिळालेल्या चर्चा चाळा. तिथे काम झालं नाही तर तो काढून टाका.

‘इन:टायटल’ मात्र सगळ्यात शेवटी. घाईत प्रश्न टाकणारे लोक शीर्षकात ‘हेल्प’ किंवा ‘नॉट वर्किंग’ एवढंच लिहितात आणि एरर मजकुरात चिकटवतात. शीर्षकापुरता शोध केलात तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. एररसाठी ‘इन:टायटल,बॉडी’ बरं. उलट उपाय शोधत असाल तर ‘इन:कमेंट्स’ वापरा. एखाद्या सेटिंगचं किंवा फंक्शनचं नाव विचारणाऱ्याला माहीतच नसतं, ते उत्तर देणाऱ्याच्या कमेंटमध्ये पहिल्यांदा येतं.

प्रश्न : आमच्या ओपन सोर्स प्रकल्पात मी लोकांना उत्तरं देते. ‘इज:अनआन्सर्ड’ लावलं की ज्यांत व्यवस्थित उत्तर आहे अशाही चर्चा दिसतात. फिल्टर बिघडलाय का?

फिल्टर ठीक आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे तो वाचत नाही. कोणीतरी ‘उत्तर’ म्हणून खूण केली आहे का, एवढंच तो बघतो. ही खूण चर्चा सुरू करणारा करू शकतो, किंवा रिपोमध्ये ट्रायेज (आलेले प्रश्न हाताळण्याचा) वा त्यावरचा अधिकार असलेली व्यक्ती. विचारणाऱ्याचं काम झालं की तो बहुधा फिरकतही नाही, आणि खूण राहून जाते. शिवाय खुणेची सोय फक्त प्रश्नोत्तर स्वरूपाच्या कॅटेगरीत आहे. कोणी ‘जनरल’सारख्या मोकळ्या चर्चेच्या कॅटेगरीत प्रश्न टाकला तर त्यावर कितीही छान उत्तर आलं तरी खूण करता येत नाही. असे प्रश्न दिसले की आधी त्यांची कॅटेगरी बदला.

तुमच्या कामासाठी दोन वेगळे शोध ठेवा. ‘इज:ओपन इज:अनआन्सर्ड कमेंट्स:०’ म्हणजे ज्यांच्याकडे अजून कोणी पाहिलेलंच नाही असे प्रश्न. रोज आधी हे बघा. ‘इज:अनआन्सर्ड कमेंट्स:>३’ म्हणजे बोलणं झालं, पण निकाल लागलेला नाही. या दुसऱ्या यादीत खूण राहिलेल्या चर्चा भरपूर सापडतात. आठवड्यातून एकदा बसून त्या निकालात काढल्या की पुढे ‘इज:आन्सर्ड’ वापरणाऱ्या प्रत्येकाची सोय होते. लेबलांचंही तेच आहे: कोणी लावलीच नसतील तर ‘लेबल:’ने हाती काही लागत नाही. तारीख, लेखक, कमेंटची संख्या या गोष्टी गिटहब स्वतः नोंदवतं, म्हणून ते फिल्टर जास्त भरवशाचे.

दोन्ही शोध केल्यावर पानाचा पत्ता बुकमार्क करा. शोधाचा मजकूर त्या पत्त्यातच असतो, रोज टाइप करायला नको.

प्रश्न : काही दिवसांपूर्वी वाचलेली, मी कमेंटही केलेली चर्चा आता यादीत दिसत नाही. काढून टाकली असेल का?

लगेच त्या निष्कर्षावर येऊ नका. डिस्कशन्स टॅब उघडताच शोधाच्या चौकटीत ‘इज:ओपन’ आधीच भरलेलं असतं. ती चर्चा मधल्या काळात बंद झाली असेल तर ती या यादीत येणारच नाही. ते दोन शब्द पुसा आणि ‘कमेंटर:@मी’ लिहा. नुसता तुमचा उल्लेख झाला होता की तुम्हीच ती सुरू केली होती हे आठवत नसेल तर ‘इन्व्हॉल्व्ज:@मी’ घ्या, त्यात तिन्ही प्रकार येतात. बंद असणं, उत्तर मिळालेलं असणं आणि कुलूपबंद असणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात असू द्या. ‘निकाली’, ‘कालबाह्य’ किंवा ‘दुबार’ असं कारण देऊन बंद केलेल्या चर्चेत उत्तराची खूण असेलच असं नाही.

तरीही मिळाली नाही तर तुम्ही वाचलं होतं ते इश्यू असण्याची शक्यता तपासा. इश्यूचं डिस्कशनमध्ये रूपांतर करता येतं. मग इश्यूच्या जुन्या पानावर नव्या चर्चेचा दुवा दिसतो. चर्चा दुसऱ्या रिपोमध्ये हलवली असेल तर जुना पत्ता उघडला की नव्या जागी जाता येतं. तेव्हा ब्राउझरच्या हिस्टरीतून जुना पत्ता काढून बघणं हा या बाबतीत शोधापेक्षाही जवळचा रस्ता आहे.

प्रश्न : १५ ऑगस्ट २०२४ या एकाच दिवसाच्या चर्चा हव्या होत्या. काही सुटल्या, काही दुसऱ्या दिवशीच्या आल्या.

वेळ न दिल्यास तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे धरली जाते. त्यामुळे तुमचा ‘१५ ऑगस्ट’ भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला सुरू झाला आणि १६ तारखेच्या पहाटे साडेपाचला संपला. असं लिहा: ‘क्रिएटेड:२०२४-०८-१५टी००:००:००+०५:३०..२०२४-०८-१५टी२३:५९:५९+०५:३०’. मधली टिंबं दोनच. हा शोध स्वतः पत्त्यात लिहून पाठवणार असाल तर अधिकचं चिन्ह तसंच ठेवू नका, तिथे त्याचा अर्थ मोकळी जागा असा होतो. त्याऐवजी ‘%२बी’ लिहा.

आणि ‘अपडेटेड:’ जपून वापरा. तीन वर्षांपूर्वीच्या चर्चेवर काल कोणी ‘मलाही हेच होतंय’ लिहिलं की ती ताजी म्हणून वर येते, उत्तर मात्र तीन वर्षांपूर्वीचंच.

प्रश्न : नको असलेले निकाल गाळायला ‘नॉट’ लिहिलं तर कधी चालतं, कधी नाही.

‘नॉट’ फक्त साध्या शब्दांपुरतं. फिल्टर उलटा करायचा तर त्याच्या आधी, जागा न सोडता, वजाचं चिन्ह द्या: ‘-लेबल:बग’. नावात जागा असेल तर अवतरणं हवीत: ‘-कॅटेगरी:"शो अँड टेल"’. रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना देऊन शोधणं) इथे चालत नाही, ती सोय कोड शोधाची आहे.

प्रश्न : एका मोठ्या रिपोच्या सगळ्या चर्चांची यादी स्क्रिप्टने काढायची आहे. हजारानंतर निकाल थांबतात.

ही गिटहबच्या शोधाचीच मर्यादा आहे. एका शोधाला जास्तीत जास्त १,००० निकाल, पानं कितीही उलटलीत तरी. ग्राफक्यूएल या गिटहबच्या एपीआयमधला (स्क्रिप्टने माहिती मागवायची सोय) ‘सर्च’ वापरा, टाइप ‘डिस्कशन’ द्या आणि एका वेळी १०० मागा. रेस्ट या दुसऱ्या एपीआयच्या इश्यू शोधात वेळ घालवू नका, त्यात डिस्कशन्स येतच नाहीत. उत्तरासोबत ‘डिस्कशनकाउंट’ही मागवा. तो आकडा १,००० च्या वर गेला की ‘क्रिएटेड:’ची मुदत अर्धी करा: वर्षाचे दोन भाग, तरी जास्त असतील तर तिमाही, मग महिना. तुकड्यांच्या कडा एकमेकांवर येऊ देऊ नका; पहिला ३१ मार्चला संपला तर दुसरा १ एप्रिलपासून. इथे यूटीसीच राहू द्या, आणि शेवटी चर्चेच्या क्रमांकावरून दुबार नोंदी काढून टाका.