शाळेतला संगणक कोणी सांभाळायचा?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. एकच तंत्रस्नेही शिक्षक आहेत. यू-डायस (शाळेची माहिती भरायचं सरकारी पोर्टल), शालार्थ (शिक्षकांच्या पगाराचं पोर्टल), प्रोजेक्टर, प्रिंटर, सगळं त्यांच्याच गळ्यात पडतं आणि त्यांचा वर्ग वाऱ्यावर राहतो. काय करावं?
– एक मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : आधी माहिती भरणं आणि यंत्र सांभाळणं ही दोन कामं वेगळी करा. आपल्या वर्गाची यू-डायसची माहिती ज्या त्या वर्गशिक्षकाने भरावी. तंत्रस्नेही शिक्षकांनी एकदा शेजारी बसून दाखवून द्यावं, बस. यंत्रांसाठी त्यांना वेळापत्रकातच आठवड्याला दोन तासिका द्या. तासिका नसली की हे काम मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर होतं, म्हणजे धड होतच नाही.

दोनशे पानी वही घेऊन तिला बिघाड वही करा. तारीख, यंत्राचा क्रमांक, नेमकं काय दिसलं, काय करून पाहिलं, एवढे चार रकाने पुरतात. ‘कॉम्प्युटर चालत नाही’ या नोंदीचा कोणालाच उपयोग नाही. ‘बटण दाबल्यावर पंखा फिरतो, बीप वाजतात, पडदा काळा’ असं लिहिलंत, तर दुरुस्तीवाला फोनवरच रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, तपासायला सांगेल. वायर काढून ठेवा, रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी दात शिसपेन्सिलीच्या खोडरबरने हलके पुसा आणि खटका बसेपर्यंत दाबून परत लावा. पावसाळ्यानंतर बंद पडलेली कित्येक यंत्रं एवढ्यावर सुरू होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोर्टलचे ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतात? बहुतेक शाळांत ते एखाद्या शिक्षकाच्या खासगी नंबरवर येतात. त्यांची बदली झाली की शाळेला स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही, आणि हे कळतं ते नेमकं माहिती भरायच्या शेवटच्या दिवशी. शाळेच्या नावाने एक सिम घ्या, साधा फोन चालेल. त्याचं रिचार्ज चुकवू नका, बंद राहिलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. सगळे पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, त्यावर सही करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. कोणाचीही बदली झाली की कार्यमुक्त करण्याआधी पासवर्ड आणि नोंदवलेला नंबर बदला.

प्रश्न : लॅबमध्ये दहा संगणक आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्याचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) जातो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.
– एक सहशिक्षक, नांदेड जिल्हा

उत्तर : झिणझिण्या येतात त्या दिवसापासून लॅब बंद ठेवा. मुलांच्या हाताखालची गोष्ट आहे ही. अर्थिंग तुटलेलं आहे किंवा कधी जोडलेलंच नाही. परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सॉकेटवर तीन मापं घ्या : फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप वीस-तीसवर गेलं, तर आधी अर्थिंग दुरुस्त करा आणि न्यूट्रलचा सैल जोडही दुरुस्त करा. नवा एसएमपीएस त्यानंतर. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग निकामी होतं. तीन पिनांची तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात प्लग घालणं कायमचं बंद करा.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

प्रश्न : संगणकाची तारीख रोज मागे जाते आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत शासकीय संकेतस्थळं उघडत नाहीत. इंटरनेट तर चालू आहे.
– एक लिपिक, रत्नागिरी

उत्तर : मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर ते नाकारतो. वायर काढा, खाचेतली क्लिप दाबा, सेल उडी मारून वर येईल. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. नंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख-वेळ भरा. जुन्या यंत्रांत याच वेळी साटा मोड (हार्ड डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारं सेटिंग) मूळ सेटिंगवर जातो आणि विंडोज सुरूच होत नाही. म्हणून सेल काढायच्या आधी बायोसच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : शाळेत संगणक निदेशक म्हणून कंत्राटी नोकरी मिळते आहे. घ्यावी का?
– एक पदवीधर, जालना

उत्तर : नियुक्तिपत्रावर सही शाळेची आहे की कंपनीची, ते आधी पाहा. राज्यात शाळांना संगणक लॅब देणाऱ्या आयसीटी योजनेच्या लॅब ‘बूट’ पद्धतीने, म्हणजे कंपनीने उभारायची, चालवायची आणि शेवटी शाळेला सोपवायची अशा, पाच वर्षांच्या कराराने चालवल्या गेल्या. करार संपल्यावर संगणक शाळेकडे राहिले, निदेशक मात्र घरी गेले. पगार कोण देणार, मुदत कधी संपणार आणि अनुभवाचं प्रमाणपत्र कोणाच्या सहीने मिळणार, हे लेखी घ्या. घेतलीत, तर रुजू होताना डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) आणि प्रत्यक्ष यंत्रं समोरासमोर मोजा. माउसपर्यंत मोजा. कमी असेल ते त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या सहीने नोंदवून घ्या, नाहीतर सोडताना त्याचा हिशेब तुमच्याकडे मागतील.