बोट आधी रद्द झाली की तुमचं तिकीट?

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. जुलैत चौघांचं कुटुंब ग्रीसला गेलं होतं. सांतोरिनी बेटाहून अथेन्सच्या पिरेअस बंदराकडे सकाळी सुटणाऱ्या वेगवान कॅटमरानची (जोड सांगाड्याच्या बोटीची) तिकिटं काढलेली, आणि त्याच रात्री अथेन्सहून परतीचं विमान. आदल्या संध्याकाळी हॉटेलवाला म्हणाला, उद्या वारा आहे, बोट सुटेलसं वाटत नाही. यांनी घाबरून बुकिंगच्या लिंकवर जाऊन चारही तिकिटं ‘ओपन’ करून टाकली, म्हणजे तारीखच काढून टाकली. मग ६४० युरो मोजून सकाळच्या विमानाने अथेन्स गाठलं. बोट खरोखरच रद्द झाली. आता बोट कंपनी म्हणते, तुमच्याकडे वर्षभर चालणारं ओपन तिकीट आहे, परतावा कसला? सांगलीतला एजंट म्हणतो, मी फक्त बुकिंग करून दिलं. यांचा प्रश्न असा: बोटीचे ३४० युरो, विमानाचे ६४० आणि मनस्तापाचे दोन लाख रुपये मिळतील का? तक्रारीची दोन महिन्यांची मुदत तर केव्हाच उलटली.

सुट्टीच्या हंगामानंतर अशी पत्रं येतातच. बेट बदलतं, कधी पारोस, कधी मिकोनोस. गोंधळ तोच असतो. त्यामुळे पासपोर्ट भारतीय असताना युरोपचा कायदा लागू होतो का, यावर शाई घालवत नाही. होतो. प्रवासी बोट युरोपीय संघाच्या बंदरातून सुटते एवढं पुरेसं आहे. तुमचं राष्ट्रीयत्व त्या कायद्याला विचारायचंच नाही. कायदा म्हणजे सागरी प्रवाशांच्या हक्कांचा ११७७/२०१० क्रमांकाचा नियम, १८ डिसेंबर २०१२ पासून लागू असलेला.

तुमचं सगळं प्रकरण एका प्रश्नावर उभं आहे. तुम्ही ‘ओपन’चं बटण दाबलंत तेव्हा, उद्याची बोट जाणार नाही असं कंपनीला वाटू लागलं होतं का?

कारण या नियमाचं कलम २० सरळ सांगतं, की ज्या तिकिटावर सुटण्याची वेळ नाही अशा ओपन तिकिटाला कलम १७, १८ आणि १९ लागू नाहीत. खाणंपिणं नाही, परतावा नाही, भरपाई नाही. वेळ नसलेल्या तिकिटाची बोट रद्द होणार तरी कशी? कंपनी याच कलमाच्या आड उभी आहे आणि तिची जागा भक्कम आहे. तुम्ही काहीही न करता हॉटेलच्या खोलीत झोपून राहिला असतात, तर ३४० युरो सात दिवसांत रोख किंवा बँकेत परत देणं कंपनीवर बंधनकारक होतं. वाऱ्यामुळे रद्द झाली तरीही. हवामानाची सबब परताव्याला चालतच नाही. हॉटेलवाल्याच्या एका वाक्यावर, कंपनीला फोन न करता, स्वतःच्या हाताने स्वतःचा हक्क पुसून टाकायची ही घाई मला खरंच कळत नाही. तिकीट ‘रद्द’ करताना माणूस दहा वेळा विचार करतो. ‘ओपन’ म्हटलं की मोकळं वाटतं आणि हात बटणाकडे सरकतो.

पण अजून दार बंद झालेलं नाही. कलम १८ चे शब्द नीट वाचा. बोट प्रत्यक्ष रद्द व्हायलाच हवी असं ते म्हणत नाही. बोट रद्द होईल किंवा सुटायला ९० मिनिटांपेक्षा जास्त उशीर होईल अशी कंपनीला वाजवी अपेक्षा असेल, तेव्हाच तिने प्रवाशापुढे ताबडतोब दोन पर्याय ठेवले पाहिजेत: पुढच्या पहिल्या सोयीच्या बोटीने जादा पैसे न घेता नेणं, किंवा तिकिटाचे पैसे परत. म्हणजे तुमचा हक्क सकाळी धक्क्यावर जन्मला नाही, कंपनीला अंदाज आला त्या क्षणी जन्मला. आणि कलम ६ म्हणतं, हे हक्क करारातल्या कुठल्याही अटीने काढून घेता येत नाहीत. तो क्षण तुमच्या बटणाच्या आधीचा असेल, तर पर्याय न सांगता तुम्हाला ओपन तिकिटाकडे जाऊ दिलं हा कंपनीचा दोष. नंतरचा असेल, तर दोष तुमचा आणि प्रकरण संपलं.

आता तुम्ही पत्राला जोडलेला स्क्रीनशॉट. कंपनीचा ईमेल एजंटकडे गेला होता, कारण बुकिंगमध्ये त्याने स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल घातला होता. हा आजार जुनाच आहे. ईमेलमध्ये लिहिलंय, की उद्याच्या जोरदार वाऱ्याच्या अंदाजामुळे ही फेरी सुटण्याची शक्यता कमी आहे, बंदर अधिकाऱ्यांच्या निर्णयाची वाट पाहत आहोत. त्यावर वेळ दिसते रात्री ११.०२. तुमचं ओपन तिकीट ९.२० ला झालं, म्हणून तुम्ही लिहिता, ‘म्हणजे मेल नंतर आला, आपलं काही चालणार नाही.’

अहो, तो स्क्रीनशॉट सांगलीतल्या फोनचा आहे! त्यावर भारताची वेळ आहे. उन्हाळ्यात ग्रीसचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. ११.०२ म्हणजे सांतोरिनीत रात्रीचे ८.३२. तुमच्या बटणाच्या तब्बल ४८ मिनिटं आधी कंपनीने स्वतः लिहून दिलं, की बोट जाईलसं वाटत नाही.

आता हा कागद जपा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. एजंटकडून मूळ ईमेल, त्याच्या तांत्रिक शीर्षकासकट (हेडरसकट), फाइल म्हणून मागवा. त्यात वेळेसोबत वेळेचा पट्टाही नोंदलेला असतो. भारतात वापरायचा झाला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्रही सोबत तयार ठेवा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत इतकं कडक नसतं, पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला तोच मुद्दा काढतो. तुमच्या ओपन तिकिटाच्या पुष्टीचा ईमेलही तसाच जपा. शक्य झालं तर सांतोरिनीच्या बंदर कार्यालयाने बंदी कधी जाहीर केली तेही मागवा. ही कार्यालयं ग्रीक तटरक्षक दलाची. वाऱ्याचा जोर वाढतो तशी आधी कॅटमरान आणि छोट्या बोटी थांबवल्या जातात, मोठी जहाजं नंतर. तुमच्या शेजारच्या खोलीतलं जोडपं त्याच दुपारी मोठ्या जहाजाने गेलं, ते यामुळेच.

कंपनी काय म्हणेल हेही सांगून ठेवतो. ‘शक्यता कमी’ म्हणजे ‘अपेक्षा’ नव्हे, ती फक्त आगाऊ सूचना, निर्णय बंदरवाल्यांचा. या वादावर ग्रीक न्यायालय कोणत्या बाजूला झुकेल याची हमी मी देणार नाही. पण फक्त ३४० युरोंसाठी, स्वतःचाच ईमेल समोर असताना, कंपनी हा वाद शेवटपर्यंत ताणेल असं मला वाटत नाही.

दोन महिन्यांची धास्ती मात्र सोडा. कलम २४ मध्ये ती मुदत आहे, आणि कंपन्या ती ढालीसारखी पुढे करतात. २ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने आयरिश फेरीज या बोट कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं, की कलम १८ आणि १९ खालची मागणी दोन महिन्यांच्या आत तक्रारीच्या रूपात केलीच पाहिजे असं नाही. तेव्हा पत्राला ‘तक्रार’ असं शीर्षक देऊ नका. ‘कलम १८ अन्वये तिकिटाच्या रकमेची मागणी’ असं लिहा, दोन्ही वेळा ग्रीसच्या घड्याळाप्रमाणे द्या, ईमेल जोडा, आणि व्हाउचर मान्य नाही हे एका ओळीत सांगा. व्हाउचर तुमच्या संमतीशिवाय देता येत नाही. उत्तर आलं नाही तर ग्रीसच्या नौवहन मंत्रालयाकडे जाता येतं. तिथे ही बाब तटरक्षक दलाकडे असते. पाच महिने नुसते फोन आणि व्हॉट्सअॅप करत बसलात, एक ओळ लिहून दिली नाहीत. ग्रीक कायद्यातल्या दाव्याच्या मुदतीसाठी तिथल्याच वकिलाला विचारावं लागेल. युरोपीय ग्राहक केंद्राचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवलंय, पण ते युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. सांगलीकरांसाठी नाही.

विमानाचे ६४० युरो? मागा, पण धरून चालू नका. रात्रीचं विमान हा तुमचा वेगळा करार, बोट कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. कलम २१ देशांतर्गत कायद्याने जादा नुकसानीचा दावा करू देतं, पण वाऱ्यापुढे तो किती टिकेल? शिवाय कंपनीने पर्याय दिला असता तर तो दुपारच्या मोठ्या जहाजाचा असता, ते पिरेअसला रात्री उशिरा पोहोचतं, आणि विमान तरीही चुकलं असतं. कलम १९ ची २५ किंवा ५० टक्के भरपाई हवामानामुळे बाद. हॉटेलचा खर्चही बाद.

मनस्तापाचे दोन लाख बोट कंपनीकडून मिळायचे नाहीत. आपल्या ग्राहक आयोगाने तिच्याविरुद्ध आदेश दिला तरी भारतात कार्यालय नसलेल्या कंपनीकडून वसुली कशी करणार? खरा प्रतिपक्ष तुमच्या गावातच बसलाय.

एजंटने मेल रात्री ११.०२ ला मिळवला आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन केला, तोवर तुम्ही विमानात. झोपला होता हे समजू शकतो. पण स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा नंबर घातला, तर रात्री जागायची जबाबदारीही त्याचीच. तो मेल तुमच्या फोनवर आला असता तर तुम्ही ‘ओपन’ दाबलंच नसतं, परतावा मागितला असता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली सेवेतली त्रुटी याहून सोपी कुठली? ‘मी फक्त मध्यस्थ’ हे त्याचं उत्तर येईलच. त्यावर एक गोष्ट तपासा. तुम्ही बिल घेतलं नाहीत (साडेपाच लाख रुपये आणि बिल नाही, काय बोलणार), पण विमान, हॉटेल, बोट सगळं एकत्र त्याच्याकडूनच घेतलंत. तुमच्या २६एएस या प्राप्तिकराच्या वार्षिक विवरणात त्याने परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून भरायचा कर) जमा केलेला दिसला, तर प्राप्तिकर खात्यापुढे त्याने स्वतःला पॅकेज विकणारा म्हटलंय. आयोगापुढे मग त्याला मध्यस्थ होता येणार नाही, निदान सहज तरी नाही.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच करता येईल. तक्रारदार राहतो तिथे दाखल करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. मुदत दोन वर्षं. साडेपाच लाखांच्या मोबदल्यावर फी २०० रुपये, आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते. आधी वकिलाची नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या. मागणीत बोटीचे ३४० युरो आणि विमानभाड्याचा भाग ठेवा, मनस्तापाची रक्कम आयोगावर सोडा. दोन लाखांचा आकडा पाहून समोरचा तडजोडीला तयार होत नाही, वकील लावतो. कायद्याने समोरच्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. ते वाक्य वाचून हसू येतं. कुठे सदस्यांची जागा रिकामी, कुठे समोरचा वकील आजारी, कुठे नुसतीच पुढची तारीख. समोरच्याला लेखी म्हणणं मांडायला ३० अधिक १५ दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठणकावून सांगितलं. ४६ व्या दिवशी अर्ज द्या की त्यांचं म्हणणं घेऊ नये. त्या तारखेला तुम्ही हजर राहिलात तर.

पुढच्या उन्हाळ्याची बुकिंगं आत्ताच करणाऱ्यांनी एवढं पाहावं. जुलै-ऑगस्टमध्ये एजिअन समुद्रात उत्तरेचा मेल्तेमी वारा असतो, आणि त्या काळात बेटावरून येणारी बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवणं हा शहाणपणा नाही. शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा. त्या रात्रीच्या हॉटेलचा खर्च चार जादा विमान तिकिटांपेक्षा कमीच पडतो. १ मे रोजी खलाशांचा संप बऱ्याचदा असतो. संपात भरपाई बुडते, पण बेटावर रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावंच लागतं. तीन रात्रींपर्यंत, रात्रीला ८० युरोंच्या मर्यादेत. हवामानात तेही नाही. आणि तिकिटावर ईमेल स्वतःचा, नंबर ग्रीसमध्ये चालू असेल तो.

सांगलीकर, नोटीस गेल्यावर एजंट ३४० युरोंइतके रुपये देऊ करेल असा माझा अंदाज आहे. घ्या. मात्र तो सहीसाठी जो कागद पुढे करेल त्यात ‘सर्व दावे मिटले’ असं असेल तर त्यापुढे ‘एजंटपुरते’ हा शब्द हाताने घालून मगच सही करा. विमानभाड्याबद्दल कंपनीला लिहिलेलं पत्र तोवर उत्तराविना पडलेलं असेल, आणि ते तसंच चालू ठेवायचं आहे.