आखाड्यावर (शेतातल्या घरी) ओव्हन नसताना ज्वारीची बिस्किटं कशी करावीत? माझ्या बिस्किटांचा भुगा का होतो?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून परभणीकडे आखाड्यावर राहायला आलात, मुलांना घरच्या ज्वारीची बिस्किटं द्यायची आहेत, पण ताटलीतून उचलली की हातात भुगा येतो. सोबत थंडीत आखाड्यावर राहायची तयारी काय करावी, हेही विचारलंय. आधीच्या उत्तरांमध्ये सगळ्यांनी "अर्धा मैदा घाला" एवढंच सांगून हात झटकलेत. ते वाचून राहवलं नाही.

मैद्याची काही गरज नाही. आमच्या घरात थंडी पडली की हा वाद ठरलेला. माझे दीर म्हणतात, ज्वारीत चिकटपणाच नाही तर बिस्किट धरेल कशाला, सरळ सामान बेकरीवर द्या आणि मैद्याची नानकटाई भाजून आणा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही हे खरंच आहे. पण मग रोज सकाळी भाकरी कशी थापली जाते? पिठाला आधण लागतं म्हणून. गरम पाण्यानं पिठातलं थोडं पिष्ट शिजतं आणि तेच बाकीचं पीठ धरून ठेवतं. बिस्किटालाही तेच करायचं. एवढ्या एका गोष्टीत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

प्रमाण वजनानं सांगते, कारण वाटीचं माप ज्वारीला चालत नाही. बारीक आणि जाड दळणात वाटीमागे बराच फरक पडतो. ज्वारीचं पीठ २५० ग्रॅम, तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, दूध ६० मिली, भाजलेले तीळ दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा सुंठ. यातलंच दोन मोठे चमचे पीठ दुधात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. चमचा ओढला की भांड्याचा तळ दिसायला लागला म्हणजे उकड झाली. ती पूर्ण गार होऊ द्या. गरम उकड तुपात गेली तर तूप वितळतं आणि पुढचं सगळं बिघडतं.

आता पीठ. थंडीत कणगीत जी ज्वारी असते ती मागच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली. शेतात हुरडा चालू असतो, पण घरात दाणा जुनाच. दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. दळून दहा-पंधरा दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवायची ताकद, जाते, भाकरीला कडेनं चिरा पडतात आणि वास खवट येतो. असल्या पिठाची बिस्किटं करूच नका. किलोभरच ज्वारी घ्या, मालदांडी वाणाची मिळाली तर उत्तम, आणि गिरणीवाल्याला गव्हाच्या मागे बारीक दळायला सांगा. मिरची-हळदीच्या मागे दळलेलं पीठ वाया गेलं समजा. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी आणि औषध लावून ठेवलेली ज्वारी यासाठी घ्यायचीच नाही. पीठ निवू द्या, मगच डब्यात भरा, आणि करायच्या वेळी मैद्याच्या चाळणीनं चाळून घ्या. वर राहणारा कोंडा बिस्किटात गेला की तिथूनच तुटतं.

तुपाचं तंत्र थंडीत वेगळं असतं. परभणीत पारा दहाच्या खाली गेला की सकाळी डब्यातलं तूप दगड झालेलं असतं. मग लोक ते चुलीवर ठेवून पातळ करतात. बहुतेकांची बिस्किटं इथेच जातात. पातळ तुपात हवा धरत नाही, पीठ सैल पडतं, बिस्किट ताटलीत पसरतं आणि खालून तेलकट होतं. तूप चुलीपासून हातभर लांब ठेवा. अंगठा सहज रुतला पाहिजे, पण तूप ओघळता कामा नये. मग परातीत घेऊन तळहातानं आठ-दहा मिनिटं फेटा. पिवळं तूप पांढरं पडतं, हाताला हलकं लागतं. त्यात साखर घालून पुन्हा फेटा, मग उकड, मग पीठ. म्हशीचं तूप जरा घट्ट असतं, बिस्किट आकार धरून राहतं. देवणी किंवा लाल कंधारी गाईचं असेल तर वासाला फार सुंदर, पण मऊ असतं, म्हणून दहा ग्रॅम कमी घ्या. लोणी घालायचं असेल तर त्यात पाण्याचा अंश असतो हे लक्षात ठेवून दूध कमी करा.

गोळा झाला की झाकून अर्धा तास ठेवा. ज्वारीचं पीठ ओल हळू पितं. लगेच थापलं तर बिस्किट दाताखाली रवाळ लागतं आणि तुटतंही. ठेवायचं ते घरात ठेवा, ओट्यावरच्या वाऱ्यात नाही, नाहीतर तूप पुन्हा थिजतं आणि दाबताना कडा फाटतात. वीस-वीस ग्रॅमच्या गोळ्या करा, सव्वीस-सत्तावीस होतील. एक सेंटीमीटर जाडीला दाबा. कड फाटली तर चमचाभर दूध वाढवा. तूप वाढवू नका.

भाजायला ओव्हन लागत नाही. जाड लोखंडी कढईत धुऊन वाळवलेली वाळू दोन बोटं पसरा, वर तिवई ठेवा आणि झाकणाला सपाट परात घ्या. तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्या) चूल पेटवायला ठीक, पण त्यांचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो, त्यावर बिस्किट भाजत नाही, करपतं. बाभळीचं लाकूड जाळून निखारे करा, किंवा दोन-तीन गोवऱ्या लावून आच धरून ठेवा. कढई झाकून पंधरा मिनिटं तापवा. मग एका वाटीत चमचाभर पीठ ठेवून आत सोडा. पाच-सहा मिनिटांत बदामी झालं तर ताव बरोबर. दोन मिनिटांतच काळपट पडलं तर खालचे निखारे ओढून घ्या. ताटलीला तूप लावून बिस्किटं बोटभर अंतरानं मांडा, आत ठेवा आणि झाकणाच्या परातीवर मूठ-दोन मूठ निखारे पसरा. वरून आच नसेल तर खालून लाल आणि वरून पांढरं कच्चं राहतं. थंडीत वरचे निखारे लवकर राख होतात, अर्ध्या वेळेला एकदा बदलावे लागतात. बारा मिनिटं झाकण उघडायचं नाही. अठरा ते बावीस मिनिटांत कडा बदामी होतात, वास येतो. झालं.

आणि आता भुग्याचं दुसरं कारण. गरम बिस्किट मऊच असतं, कारण आतलं तूप अजून पातळ असतं. ताटली बाहेर काढून पंधरा मिनिटं हातही लावू नका. मुलं परातीभोवती बसली की धीर धरवत नाही, पण उचललं की तुटणारच. गार झाल्यावर तेच बिस्किट खुटकन मोडतं.

बेकरीचंही बोलते, कारण दीर हे वाचणार आहेत. दिवाळीत सामान देऊन डबा भरून आणायची पद्धत चांगली आहे, गर्दीत तेच सोयीचं. पण भट्टीचा ताव मैद्याच्या मालासाठी ठेवलेला असतो. ज्वारीचं बिस्किट त्यात कडेनं करपतं आणि मध्ये कच्चं राहतं, मग दोष ज्वारीवर येतो. तूप तुम्ही डोळ्यांसमोर घातलंत तरी भाजायच्या ताटल्या सगळ्यांच्या एकच. तालुक्याच्या एका बेकरीतून आमच्या तुपाच्या बिस्किटांना डालड्याचा वास घेऊन डबा घरी आलेला आहे. आणि मैदा अर्धा घालून वर दूध ओतलं, मळलं, की बिस्किट टणक होतं. ते ज्वारीचं राहत नाही आणि चांगली नानकटाईही होत नाही. मैद्याची करायची तर सरळ मैद्याची करा.

थंडीच्या तयारीचं थोडक्यात. सरपण दिवाळीनंतर लगेच आडोशाला रचून ठेवा, दवानं ओलं झालं की नुसता धूर. चूल उत्तरेच्या वाऱ्याला पाठ करून मांडा. शेतीची लाइट रात्रीची असली की पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाबरोबर बॅटरी, काठी, कानटोपी आणि खिशात चार बिस्किटं द्या. गाई-म्हशींना रात्री पोत्याची झूल घाला, वासरांना आधी. वाकळी आणि घोंगड्यांना दुपारचं ऊन दाखवा. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. बिस्किटं भाजून उरलेले निखारे घरात आणायचा मोह होतो, म्हणून मुद्दाम सांगते.

काही गोष्टी राहिल्या. गूळ घालायचा असेल तर ११० ग्रॅम घ्या, बारीक किसून तुपातच मळा, खडा राहिला तर तिथे काळा डाग पडतो. गुळाला बेकिंग पावडरऐवजी पाव छोटा चमचा सोडा पुरतो, आणि रंग लवकर चढतो म्हणून आच कमी ठेवा. गॅसवर हीच कढई मंद आचेवर चालते, फक्त वरून निखारे नसल्यानं शेवटी बिस्किटं उलटून चार मिनिटं ठेवा. मधुमेह असणाऱ्यांनी ज्वारीची आहेत म्हणून मनसोक्त खाऊ नयेत, साखर आणि गूळ दोन्ही साखरच. ज्यांना गहू अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी गिरणीचं पीठ नको, मागचा गहू त्यात येतोच. घरच्या जात्यावर किंवा घरघंटीवर वेगळं दळा. आणि बिस्किटं पाहुण्यांबरोबर पुण्याला धाडायची असतील तर पिठातलं ६० ग्रॅम कमी करून तेवढी कणीक घाला, एसटीच्या धक्क्यांत टिकतात. कणीक म्हटलंय मी, मैदा नाही.

एवढं करूनही पहिल्या घाण्यात काही फुटली तर ती मिक्सरला लावून गरम तूप आणि थोडा गूळ घाला, लाडू वळले जातात.