मे महिन्यात मालदीवला देवमासे आणि डॉल्फिन दिसतील का?

मेच्या सुट्टीत पुण्याहून मुलांना घेऊन मालदीवला जाताय, तर डॉल्फिनची आशा भरपूर ठेवा, देवमाशांची जरा बेतानेच.

स्पिनर डॉल्फिन तिथे बाराही महिने असतात. रात्री बाहेरच्या खोल समुद्रात छोटे मासे आणि म्हाकूल खातात, सकाळी प्रवाळबेटांमधल्या वाटांनी आतल्या शांत पाण्यात विश्रांतीला येतात, दुपार कलली की परत बाहेर. त्यामुळे बोट भल्या सकाळी किंवा सूर्यास्ताआधी घ्या. झोपाळू कळपाचा पाठलाग मात्र करू देऊ नका, नावाड्याला तसं स्पष्ट सांगा.

मालदीवसारखी बेटं समुद्रतळापासून सरळ वर आलेली असल्याने किनाऱ्याजवळच प्रचंड खोली मिळते. खोल बुडी मारणारे स्पर्म व्हेल म्हणूनच बेटांच्या आसपास आढळतात. अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर तर वर्षभर. पण मेमध्ये मालदीवला नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, आणि उसळत्या लाटांत देवमाशाचा फवारा ओळखणं कठीण जातं.

हंपबॅक या जातीच्या देवमाशांचं गणित वेगळं. ते पिल्लं द्यायला उबदार पाण्यात येतात: हवाईला साधारण डिसेंबर ते एप्रिल, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाला जून ते सप्टेंबर.

खास देवमाशांसाठीच जायचं असेल तर माझं मत श्रीलंकेतल्या मिरिसाला. नाताळच्या सुट्टीपासून एप्रिलपर्यंत तिथे निळे देवमासे दिसतात.